पंख्याचा कौल

घणसोलीच्या खाडीकडच्या आळीत गावदेवीला काय विचारावं याला काही धरबंधच नव्हता. पोरीला स्थळ आलंय, देऊ का? होडीची फळी बदलू का? सून रुसून माहेरी गेलीय, आणायला जाऊ, की येईल आपल्या पायांनी? देवानं माणसाला डोकं दिलं ते टोपी घालायलाच, अशी आळीची पक्की समजूत असावी. जरा कुठं अडलं की लोक हात झाडून म्हणत, "चला भगताकडं."

भगत म्हणजे शिवराम. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं काटकुळा, आवाजानं मऊ. देवीसमोर कौल लावायचं काम त्याच्या घराण्याकडं होतं, बापामागून ते त्याच्याकडं आलं. कौलाची रीत साधी. देवीच्या दगडी मूर्तीवर पाणी घालायचं, तांबड्या जास्वंदीच्या दोन पाकळ्या ओल्या करून एक तिच्या उजव्या खांद्यावर आणि एक डाव्या खांद्यावर चिकटवायची, प्रश्न मोठ्यानं सांगायचा आणि हात जोडून बसायचं. पाकळी वाळली की सुटते. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. एवढ्या दोन पाकळ्यांवर आळीचा सगळा संसार चालला होता.

शिवरामला त्याचा गर्व नव्हता. म्हणजे, गर्व नसल्याचा थोडा होता. "मी कोन? मी निस्ता पाकली चिकटवनारा. पाडनारी ती," असं तो म्हणायचा आणि म्हणता म्हणता डोळे मिटायचा. कधीकाळी सप्ताहाला आलेल्या एका बुवांनी कीर्तनात सांगितलं होतं, की दिसतं ते सगळं मायेचा खेळ, करणारा वेगळाच, आपण नुसते बघणारे. ते शिवरामनं असं काही घट्ट धरलं की विचारू नका. नवं शहर वसवायला सरकारनं गावची भातशेती घेतली, तेव्हा अख्खी आळी शिव्या देत मोर्च्याला गेली. शिवराम तेवढा आपल्या बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "माजी कवा व्हती? तिची व्हती, तिनी दिली." बायको तापानं गेली, मागं मूलबाळ नाही, तरी हा बाराव्याच्या पंगतीत शांतपणे वाढत होता. लोक म्हणत, भगत पोचलेला माणूस. शिवराम ते ऐकायचा आणि डोळे मिटायचा.

या पोचलेल्या माणसाचं एका ठिकाणी मात्र अडलं होतं, आणि ते ठिकाण म्हणजे जाईबाई.

जाईबाई त्याच आळीतली, सुकट-बोंबील विकणारी. नवरा फार पूर्वी गेला, एकुलती पोर लग्न करून उरणला नांदत होती. सकाळी पाटी डोक्यावर घेऊन ती वाशीच्या नव्या सेक्टरांत जायची. तिथं मुंबईहून बिऱ्हाड हलवून आलेल्या साहेबांच्या बायका नाकाला पदर लावून बोंबलाचा भाव करायच्या आणि शेवटी घ्यायच्याच. जाता जाता जाईबाई शिवरामच्या ओट्यावर मूठभर सुका जवळा ठेवून जायची. का ठेवते हे तिनं कधी सांगितलं नाही, यानं कधी विचारलं नाही. पण ज्या दिवशी ती यायची नाही, त्या दिवशी शिवराम उगाच पुन्हा पुन्हा ओटा झाडत राहायचा.

आगरी लोकांत विधवेचा पाट लागतो, म्हणजे तिचं पुन्हा लग्न होतं, त्यात चोरून ठेवण्यासारखं काही नाही. मग शिवरामनं काय करावं? जाईबाईच्या दारात जावं, खाकरावं, दोन शब्द बोलावेत? छे! तो गेला देवीकडं. दुपारी देवळात चिटपाखरू नव्हतं. त्यानं पाकळ्या लावल्या, प्रश्न पुटपुटला आणि बसला. डावी पडली. "तिची मर्जी," म्हणून त्यानं डोळे मिटले. पुढच्या वर्षी नवरात्र उलटल्यावर धीर करून त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा डावी. पुन्हा डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढं जाईबाईच उभी राहिली, तो भाग वेगळा.

असं चाललं असताना देवळात पंखा आला.

आळीतला कमळाकर तळोज्याच्या एका कारखान्यात पर्मनंट झाला आणि त्यानं नवस फेडला. नारळ नाही, कोंबडा नाही, विजेचा पंखा. "देवीला उकडत नसंल का पत्र्याखाली?" असं त्याचं म्हणणं. देवीच्या उजव्या अंगाला भिंतीवर लाकडी फळी ठोकून त्यानं पंखा बसवला. डाव्या अंगाला समई असायची. पंख्याची मान फिरू लागली की समई विझायची, तेव्हा कमळाकरनं मानेचा खटका आवळून ती एकाच जागी पक्की करून टाकली. पंख्याच्या पात्यांवर ऑइलपेंटनं 'कमळाकर पाटील यांजकडून' असं लिहिलं होतं आणि पंखा चालू झाला की सगळ्यांत आधी तेच दिसेनासं व्हायचं. बुवा असते तर यावर तासभर बोलले असते.

आणि काय सांगावं, पंखा आला त्या आठवड्यापासून देवीची तबियत खुलली! जो विचारील त्याला उजवा. पोरीला स्थळ द्यायचं? उजवा. कंपनीत चिकटायचं? उजवा. पडवी पाडून पक्की खोली बांधायची, भाडेकरू ठेवायचा? उजवा, उजवा. पूर्वी एका कौलाला बिडी संपायची, आता काडी विझायच्या आत पाकळी खाली. "देवी परसन्न झाली," लोक म्हणाले. आळीत त्या वर्षी एवढी लग्नं झाली की मांडव एका दारातून निघून दुसऱ्या दारात जायचा, घरी परतायचाच नाही.

ही देवीची खुशी बघून शिवरामच्याही मनानं उचल खाल्ली. एका दुपारी त्यानं तिसऱ्यांदा पाकळ्या लावल्या. प्रश्न पुरता तोंडातून बाहेर पडला नाही तोच उजवी पाकळी सुटली आणि गिरकी घेत त्याच्या गुडघ्यावर आली. शिवराम कितीतरी वेळ ती पाकळी हातात धरून बसला. मग उठला आणि तेव्हाही जाईबाईकडं न जाता पंढरीकाकाकडं गेला. पंढरीकाका म्हणजे आळीचा म्हातारा पंच. त्यानं काठी टेकत जाऊन जाईबाईला सांगितलं, "भगताचं इचारायचं व्हतं. देवीनी उजवा दिलाय." जाईबाई बोंबील उलटत होती. तिनं हात पुसले आणि म्हणाली, "हा."

पाट लागला. शिवरामच्या घरात माणसाचा आवाज आला. लग्नानंतरही जाईबाई त्याला भगतच म्हणायची, सुकट विकायलाही जायची. सकाळी तिची पाटी बसच्या थांब्यापर्यंत शिवराम डोक्यावरून नेऊन द्यायचा आणि वाटेत भेटणाऱ्यांनी केलेली थट्टा गोड मानून घ्यायचा. संध्याकाळी ती वाशीच्या बायकांच्या नकला करून दाखवायची. जेवताना हा सवयीनं डोळे मिटू लागला की म्हणायची, "डोले उघडा भगत, काटा लागंल." शिवराम डोळे उघडायचा. समोर तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि पलीकडं ती. सगळं मायेचा खेळ असेल तर असो, पण खेळ फार चांगला चालला होता. तो सुखी होता, अगदी सोळा आणे सुखी, आणि हे सुख देवीनं उजव्या हातानं दिलेलं आहे याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती.

वर्ष झालं. दिवाळी तोंडावर आली आणि गावाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. एरवी लाईट जायची ती तासाभरानं यायची, यावेळी गेली ती गेलीच. लोकांनी कंदील पुसून काढले आणि दिवसाचे व्यवहार चालू ठेवले. पण देवळात काहीतरी बिनसलं. एका कौलाला पुन्हा बिडी संपू लागली. शेळीचं विचारायला आलेल्या माणसाला डावा पडला. भाडेकरूचं विचारणाऱ्याला डावा. एकाला उजवा मिळाला, तोही इतक्या उशिरानं की माणूस बसल्या जागी पेंगला होता. "देवीचं काय चुकलं आपल्याकडून?" लोक कुजबुजू लागले. शिवराम म्हणाला, "तिची मर्जी."

मग आला मारोती. त्याला होडी विकून रिक्षा घ्यायची होती. खाडीतली मासळी कमी झाली होती आणि नव्या सेक्टरांतल्या बायका चालायला तयार नव्हत्या, म्हणजे हिशेब सरळ होता. तरी देवीला विचारल्यावाचून कसं? शिवरामनं पाकळ्या लावल्या. दोघं बसले. बराच वेळ गेला. शिवराम बघत होता, डावी पाकळी कडेनं वाळली, कड उचलली, आता ती पडणार, आता पडणारच. इतक्यात भिंतीवर खट् झालं. लाईट आली होती. पंख्याची पाती घरघरली, वाऱ्याचा झोत देवीच्या उजव्या खांद्यावर बसला आणि तिथली ओलीकच्च पाकळी उडून थेट मारोतीच्या मांडीवर पडली.

"उजवा!" मारोती ओरडला. त्यानं पाकळी कपाळाला लावली आणि तो धावत सुटला.

शिवराम जागचा हलला नाही. त्यानं पंख्याकडं बघितलं, देवीच्या खांद्याकडं बघितलं, समईकडं बघितलं. मग उठला, दोन नव्या पाकळ्या ओल्या केल्या, लावल्या, आणि कसलाही प्रश्न न विचारता बसला. उजवी पडली. पुन्हा लावल्या. उजवी पडली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकदा गाठ पडते, रोज रोज नाही पडत. वर्षभर आळीचा कारभार कमळाकरच्या पंख्यानं चालवला होता.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. जाईबाईनं विचारलं तर पोट ठीक नाही म्हणाला. पोट ठीकच होतं. पण समोर बसलेल्या बायकोकडं बघताना त्याला वाटलं, ही आपल्या घरात आहे ती कुणाच्या होकारानं? देवीनं दोनदा नाही म्हटलं होतं. होय म्हटलं ते एका यंत्रानं. म्हणजे हे सगळं, ही भाकरी, हे हसणं, हे चोरीचं झालं की काय? जन्मभर ज्यानं 'मी नाही, ती' म्हटलं, त्याच्या घरात देवीच्या होकारावाचून आलेली एकच गोष्ट होती आणि तीच त्याला सगळ्यांत प्यारी होती. त्याला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं देवळापुढं आळी गोळा केली आणि लपवाछपवी न करता सगळं सांगितलं. पंखा लावून दाखवलं, बंद करून दाखवलं. मग एकदम सगळे बोलू लागले, आणि गंमत अशी, की ज्याचं त्या वर्षी भलं झालं होतं तो म्हणू लागला, "पंखा कसला? देवीच ती!" आणि ज्याचं फसलं होतं तो ओरडू लागला, "तरी मी बोलत व्हतो, ह्यो पंख्याचाच घात!" ज्याचा जावई चांगला निघाला त्याला देवीनं दिला होता, ज्याचा दारुड्या निघाला त्याला पंख्यानं दिला होता. कमळाकर बिचारा दोन्हीकडून शिव्या खात आणि आशीर्वाद घेत मध्ये उभा होता.

शेवटी पंढरीकाकानं काठी आपटली. "वारा कोनाचा? तिचाच ना? मंग पंख्यातून आला नि खाडीवरून आला, काय फरक पडतो?"

"फरक पडतो काका," शिवराम म्हणाला. "मी पंखा बंद ठेवतो. ज्याला परत इचारायचं हाय त्यानी या. मी परत कौल लावून देतो."

वाट बघितली, एक माणूस फिरकला नाही. लग्नं झाली होती, पोरं पाळण्यात होती, खोल्यांना भाडेकरू मिळाले होते. एवढी घडी बसलेली असताना देवीला पुन्हा कोण छेडतो? ज्याचा जावई दारुड्या होता तोही म्हणाला, जाऊ द्या, पोरगी रुळलीय. आळी शहाणी होती. पुन्हा विचारायला तयार असा अख्ख्या आळीत एकच वेडा होता.

"मी उद्या कौल लावनार हाय," शिवरामनं रात्रीच्या जेवणाआधी जाईबाईला सांगितलं. "आपला."

जाईबाई भात वैरत होती. तिचा हात थांबला. "आपला म्हंजे?"

"आपला पाट. पंखा बंद करून. खरं काय ते कलाया नको?"

"नि डावा पडला तर?"

शिवराम चुलीत लाकूड सारू लागला.

"मंग मी बोचकं उचलून जायाचं, असंच ना?" जाईबाईचा आवाज चढला. "वरीसभर मी तुमच्या चुलीशी बसली, ती खरी नाय. तुमची पाकली खरी."

"तसं नाय ग. पन मी भगत हाय. मी लोकांना सांगनार तिचं ऐका, नि माज्यावर आली का डोले झाकू?"

"डोले तर तुमी नेमीच झाकता," ती म्हणाली आणि पाठ करून बसली. सकाळी तिनं पाटी स्वतःच उचलली आणि थांब्याकडं निघून गेली.

दुपारी शिवरामनं देऊळ झाडलं. पंख्याचं बटण बंद केलं, पिनही काढून ठेवली. मूर्तीवर पाणी घातलं, जास्वंदीच्या पाकळ्या ओल्या करून दोन्ही खांद्यांवर लावल्या. मोठ्यानं म्हणाला, "आय, माजा नि जायबायचा पाट तुला मंजूर हाय का नाय, ते सांग." आणि बसला.

रीतीप्रमाणे त्यानं डोळे मिटले. पण ते मिटेनात. ते आपले उजव्या पाकळीवर. पड बाई, पड. आजवर किती जणांच्या प्रश्नाला तो बसला होता, पण पाकळीला कधी अशी विनवणी केली नव्हती. आपण नुसते बघणारे म्हणे! हा बघणारा तर आतून घामाघूम होऊन उजव्या पाकळीला ओढत होता. खाडीकडून वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. पत्रा तापला होता. आणि हळूहळू, अगदी हळूहळू, डाव्या पाकळीची कड वाळून वर उचलू लागली.

दारात सावली पडली. जाईबाई पाटी बाहेर ठेवून आत आली आणि त्याच्या शेजारी भुईवर बसली.

"पडली?"

"नाय अजून."

तिनं मूर्तीकडं निरखून बघितलं. "डावी उचललीय."

"हा," शिवराम म्हणाला.

मग जाईबाई म्हणाली, "भगत, तुमाला एक सांगू? पंख्याचं मना पैल्या दिसापासून ठाव हाय."

शिवरामनं मान वळवली.

"जलमभर सुकट वालवली मी. वारा ज्या अंगानी येतो ते अंग पैलं वालतं, हे काय मना सांगाया लागतं? पंढरीकाका येऊन बोलला देवीनी उजवा दिला, तवा मना हसू आलं. मना कललं, का पंखा बोलला."

"मंग तू सांगितलंस का नाय?"

"कशाला सांगू? मना पायजे व्हतं तेच तो बोलत व्हता."

"पन तू हा बोललीस ती..."

"ती मी बोलली. देवी नाय, पंखा नाय. मी. पंढरीकाका बोलला नसता नि तुमी नुस्ते दारात येऊन उभे राह्यले असते, तरी बोलली असती. पैल्या वरसालाच बोलली असती."

शिवरामनं खाली बघितलं. "त्या आदी मी दोनदा इचारलं व्हतं तिला. दोनी बारीला डावा पडला."

हे मात्र जाईबाईला ठाऊक नव्हतं. "म्हंजे मी रोज ओट्यावर जवला ठेवून जात व्हती, नि तुमी हिला इचारत बसला व्हता? मना नाय?"

"ती नाय बोलली, म्हनून मी सोडून दिलं. आशा धरली नाय. मन अलग ठेवलं."

"अलग?" जाईबाई म्हणाली. रागानं नाही, राग आता ओसरला होता. "भ्यालेले तुमी भगत. देवी नाय बोलली तर दुखत नाय. बाई नाय बोलली तर दुखतं. म्हनून तुमी हिला इचारलं. त्याला वैराग म्हनत नाय कोनी."

शिवरामला वाटलं, आपलं सगळं आयुष्य कुणीतरी सुकटीसारखं उलटून उन्हात टाकलंय. शेत गेलं त्या दिवशी बांधावर उभं राहून तो 'माझं कधी होतं' म्हणाला होता. होतं की! चिखल त्यानं तुडवला होता, लोंबी त्यानं हातात घेऊन चुरली होती. बायको गेली तेव्हा पंगतीत वाढत होता, कारण थांबला असता तर मोडून पडला असता. त्यानं काहीच सोडलं नव्हतं. धरायलाच तो घाबरला होता. आणि सोडायचं म्हटलं तरी आधी हातात काही धरलेलं असावं लागतं. हे त्याला आज कळलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते पुसायचीही त्याला लाज वाटली नाही.

डावी पाकळी आता एका टोकावर लोंबत होती. शिवराम उठला. आजवर कुठल्याही कौलात जे त्यानं केलं नव्हतं ते त्यानं केलं. ती पडायच्या आत हात पुढं केला आणि दोन्ही पाकळ्या आपल्या हातानं काढून घेतल्या.

"आय," तो म्हणाला, "हे तुला इचारायचं नव्हतंच. माजं चुकलं."

देवी काही बोलली नाही. ती कधीच काही बोलली नव्हती, बोलत होते ते आळीतले लोक. मग तो जाईबाईकडं वळला.

"जाये, माज्या घरात राशील का?"

जाईबाईनं त्याच्याकडं वर बघितलं. "इचार करून सांगते," ती म्हणाली, आणि खरोखरच भिंतीला टेकून विचार करत बसली.

शिवराम उभाच होता. हातात दोन पाकळ्या, कपाळावरून घाम निथळतोय. कौल लावायला येणारी माणसं हात जोडून इतकी का थरथरतात, हे भगताला आज पहिल्यांदा समजत होतं. जाईबाईनं सावकाश बांगड्या मागं सारल्या. पदरानं मान पुसली. बाहेर पाटीवर माशा बसल्या होत्या त्या हाकलून आली आणि पुन्हा बसली. तिला घाई नव्हती. ओट्यावर जवळा ठेवून वाट बघितलेली सगळी वर्षं ती आता वसूल करत होती, आणि तिला बरं वाटत होतं.

"राहीन," शेवटी ती म्हणाली. "पन पाटी थांब्यावर तुमीच न्यायची. सकाली माजी मान गेली."

शिवराम हसला. रडता रडता हसला आणि तिच्याजवळ खाली बसला. त्यानं त्या दोन पाकळ्या तिच्या हातावर ठेवल्या. तिनं त्या कपाळाला लावून केसांत खोचल्या. "ती पिन घाला पैली," ती म्हणाली. "तिला उकडत असंल." त्यानं पिन घातली. मानेचा खटका सैल केला आणि पंखा देवळाच्या दाराकडं वळवून ठेवला. वारा आता येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडावर येत होता.

त्या वाऱ्यात पहिली आली ती आळीतली बायजाबाई. घाईनं चालत आलेली, हातात नारळ आणि जास्वंदीची फुलं. "भगत, बरा गावलास. कौल लावायचा हाय. माजी सून कवाची माहेरी जाऊन बसलीय. आनाया जाऊ का नको?"

जाईबाईनं तोंडाला पदर लावला.

शिवरामनं फुलं घेतली, देवीच्या पायाशी ठेवली. पाकळी काढली नाही. डोळेही मिटले नाहीत. बायजाबाईकडं नीट बघत त्यानं विचारलं,

"सुनेला इचारलंस?"